मुदत संपण्याआधी

नेकारसुल्म,
१८ एप्रिल २००७

सन्माननीय विहीणबाई श्रीमती सरिताताई यांस,
अरुंधतीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. तुम्ही साताऱ्याला सुखरूप पोचलात हे कौमुदीने सांगितलं होतंच, आणि तिने सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं. आमचा फोन हॉलमध्ये आणि माझी खोली हॉलला लागून. पुण्याच्या टेलिफोन खात्यात मी आयुष्यभर ट्रंक कॉल जोडले. जोडायचं आणि ऐकायचं नाही, हा तिथला नियम. नोकरी संपली, नियमही संपला.

म्हणूनच पत्र लिहिते आहे. फोनवर आपलं बोलणं 'बरं आहे ना, हो बरं आहे' एवढंच होतं, मग रिसीव्हर कौमुदीकडे जातो तो जातोच.

तुम्ही राहिलात ते तीन महिने कसे गेले कळलं नाही, असं घरातले सगळे म्हणतात. मला एकेक दिवस कळत होता, पण ते असो. अन्वी अजून जेवायला बसताना तुमच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही. ती खुर्ची तुम्ही येण्याआधी माझी होती हे तिला आठवत नाही. सहा वर्षांची पोर, तिला काय बोलायचं.

तुमची तपकिरी शाल इथेच राहिली. मी ती धुऊन, घडी करून, कुणी साताऱ्याकडे जाणारं भेटलं तर पाठवायची म्हणून बाजूला ठेवली होती. कौमुदीने ती आपल्या कपाटात नेली. म्हणाली, "राहू दे, अहो आई. तिला आईचा वास आहे." मी धुतली होती म्हटलं ना. वास कुठला राहायला? 

आता तुम्ही विचारलेल्या गोष्टीबद्दल. पुढच्या वर्षी मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्यासारखं इथे राहता येईल का, तो निवृत्तांचा व्हिसा कसा मिळतो, आणि मिळाल्यावर मुदत वाढवायचा अर्ज केव्हा करायचा, असं तुम्ही विचारलंत. त्याचं खरं जर्मन नाव इतकं लांब आहे की उच्चारेपर्यंत मुदत संपावी. आम्ही घरात व्हिसाच म्हणतो. काम फार किचकट आहे. पेन्शनचे दाखले लागतात, आजारपणाच्या विम्याचं पत्र लागतं, आणि आपल्या वयाच्या माणसाला विमा देणारी कंपनी शोधताना नाकी नऊ येतात. शिवाय इथली थंडी आणि तुमचे गुडघे. तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. एवढं करून मिळतो तो वर्षभराचा. मग पुन्हा मुदत वाढवून मागा. माझी यंदा ऑक्टोबरअखेर संपते. अर्ज केव्हा करायचा ते मला विचारू नका, माझा हृषिकेश बघतो सगळं. मुलगा असला की आईला तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

आणखी एक. कौमुदीला दिवस गेलेत हे मला या रविवारी कळलं. अन्वीने चहाच्या वेळी पोट फुगवून दाखवलं आणि "ममा हाट आइन बेबी" म्हणाली, तेव्हा. हृषिकेश गडबडला. म्हणाला, "आई, तीन महिने होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं ठरलं होतं." तुम्ही निघताना कौमुदीच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवलात तेव्हाच मी समजायला हवं होतं. म्हणजे 'कुणालाच' यात तुम्ही नव्हतात. मी होते.

तब्येतीला जपा.
अरुंधती


नेकारसुल्म,
९ जुलै २००७

सरिताताई यांस नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण कुणाजवळ बोलू? इथे खाली राहणाऱ्या फ्राउ केलर भेटल्या की मला हवामान सांगतात, आणि मी "या, या" म्हणते, म्हणजे हो, हो. बोलण्यापुरतं तेवढंच माझं जर्मन, अन्वीमुळे कळतं त्याहून थोडं जास्त.

शनिवारी अन्वीच्या किंडरगार्टनचा समारंभ होता. इथे उन्हाळ्यात करतात. या वर्षी प्रत्येक मुलाने आजी नाहीतर आजोबांना घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर त्यांच्याबद्दल चार वाक्यं सांगायची, असं होतं. मी आकाशी साडी नेसले. अन्वीच्या वेण्या मीच घातल्या. ती माझा हात धरून मधोमध उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, ही माझी ओमा, म्हणजे आजी. मला किती बरं वाटलं! मग बाईंनी विचारलं, तुझी ओमा घरी काय करते? तर ही सुरू झाली: माझी आजी मोठ्या शाळेची मुख्य आहे, ती स्वतः घंटा वाजवते, तिला माकडाच्या अकरा गोष्टी येतात, ती नाकातून आवाज काढून राक्षस करते. सगळं तुमचं. हात माझा धरलेला आणि गोष्टी तुमच्या. टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्याशी हस्तांदोलन करून काहीतरी म्हटलं. कौमुदीने हसू दाबत सांगितलं, "अहो आई, त्या म्हणतायत, तुमचा राक्षस एकदा आम्हालाही दाखवा." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

इथे शाळेत न्यायला येते ती ओमा. रोज मी जाते, म्हणून मी ओमा झाले. 'आजी' हा शब्द तेवढा फोनवर राहिला, तो तुम्हाला मिळाला. मी तिला सकाळी उठवते, पोहे करून देते, तिचे ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालते, आणि माझ्या वाट्याला परक्या भाषेतला शब्द. तसंच कौमुदीचं. तुम्हाला ती "ए आई" म्हणते आणि मला "अहो आई". रीतच आहे, मीसुद्धा माझ्या सासूबाईंना तसंच म्हणत होते. पण शेजारच्या खोलीतून दोन्ही ऐकून बघा म्हणजे कळेल.

काल जेवताना हृषिकेश म्हणाला, "आई, ऑक्टोबरात सरिताआई येतायत बाळंतपणासाठी. त्यांना सोफ्यावर झोपवणं बरं दिसत नाही. तू तेवढे दिवस अन्वीच्या खोलीत झोपशील का?"

"गेल्या वेळी त्याच अन्वीच्या खोलीत झोपत होत्या ना?"

"तेव्हा तिथे मोठी कॉट होती गं. आता अन्वीचा तो वर शिडीचा पलंग आणि खाली गादी. त्यांच्या गुडघ्यांना जमिनीवरून उठणं जमायचं नाही."

"माझ्या गुडघ्यांना जमेल."

कौमुदी म्हणाली, "राहू दे, हृषी. अहो आई, तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. मी आईला कळवते."

मला नको असेल तर! म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला तिची आई आली नाही, तर ती या सासूमुळे. मी म्हटलं, "मला काय अडचण आहे? झोपेन की." आणि आमटी वाढली.

तेव्हा सरिताताई, खुशाल या. माझ्या खोलीतच झोपा. खिडकीची मूठ घट्ट आहे, आधी वर उचलून मग फिरवायची. मी तेव्हा इथे नसेन. माझा व्हिसा ऑक्टोबरच्या एकतीसला संपतो आणि मी तो वाढवून घ्यायचा नाही असं ठरवलं आहे. मी पुण्याला माझ्या घरी जाईन. गेल्या वर्षी हृषिकेशने ऑगस्टमध्येच अर्ज भरून घेतला होता. म्हणाला होता, आई, हे काम दोन महिने आधी केलेलं बरं, शेवटच्या आठवड्यावर ठेवायचं नाही. बघा, तुम्हाला हवं होतं ते उत्तर अनायासे मिळालं.

यंदा तो ऑगस्टमध्ये स्वतःहून आठवण करतो का, ते मला बघायचं आहे. तुम्ही मध्ये बोलू नका. कौमुदीलाही सांगू नका.

अरुंधती


नेकारसुल्म,
१७ सप्टेंबर २००७

सरिताताई,

रजा मंजूर झाली नाही म्हणून बाळंतपणाला येता येत नाही, असं तुम्ही कौमुदीला कळवलंत. मुख्याध्यापिकेची रजा कोण नामंजूर करतं हो? लेकीच्या बाळंतपणाची? माझं मागचं पत्र तुम्हाला मिळालं आणि त्यानंतर पंधरवड्यात तुमची रजा नामंजूर झाली. मी काही खुळी नाही.

कौमुदी खूप रडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. आता तिचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. स्वयंपाक, अन्वी, औषधं, सगळं माझ्याकडे आहे. परवा मी तिच्या पायांना तेल लावताना म्हटलं, "आई नाही आली तर एवढं काय, मी आहे ना." ती म्हणाली, "हो, तुम्ही आहात." आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुम्ही आला असतात तर निदान मला तुमच्यावर रागावता आलं असतं. आता मोठेपणाही तुम्हीच घेऊन बसलात. खोली माझी राहिली, पण ती तुम्ही सोडून दिली म्हणून. हे असं मिळालेलं गोड लागत नाही.

शनिवारी अन्वीचा शाळेचा पहिला दिवस झाला. इथे पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या हातात खाऊने भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात, शूलट्यूटे म्हणतात. मी तीन दिवस खपून त्यात शंकरपाळे, चिवड्याच्या पुड्या, रंगीत पेन्सिली भरल्या. शुक्रवारी हृषिकेशच्या ऑफिसातला रुपेश भारतातून आला आणि तुम्ही दिलेले कंदी पेढे देऊन गेला. मी ते अगदी तळाशी ठेवले. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, मुद्दामच ठेवले. अन्वीने शाळेच्या अंगणात शंकू उलटा केला. तळचं वर आलं. सगळ्या वर्गाला तिने तुमचे पेढे वाटले. माझे शंकरपाळे घरी परत आले, ते फ्राउ केलर खातायत.

ऑगस्ट गेला. हृषिकेश काही बोलला नाही. मी पासपोर्ट टीव्हीशेजारी आणून ठेवला, त्याला दिसेल असा. त्याने तो उचलला, बाजूला केला आणि तिथे लॅपटॉप ठेवला. मग मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यावर त्याने औषधांची पिशवी ठेवली. माझा मुलगा रोज पासपोर्टला हात लावतो आणि त्याला त्यात काही दिसत नाही. रात्री कारखान्यातून येतो तो बायकोच्या उशाशी जाऊन बसतो. तिला संत्रं सोलून देतो. वडील गेले तेव्हापासून मला वाटत होतं, याच्या मनात पहिली मी. आता मी कितवी आहे ते मोजत बसले आहे.

आणि तुम्ही मला पत्रात विचारता, "मुदतवाढीचा अर्ज केलात का? सप्टेंबर आला." तुम्हाला काय करायचं आहे? माझी मुदत संपली आणि मी गेले, तर वाट तुमचीच मोकळी होते. या घरात चार माणसं, तीन माझ्या रोजच्या हाताखालची, आणि माझी तारीख लक्षात कुणाच्या राहिली? तर साताऱ्यात बसलेल्या तुमच्या. याचं मला किती वाईट वाटलं ते तुम्हाला सांगूनही कळायचं नाही.

अर्ज केलेला नाही. करणारही नाही.

अरुंधती


नेकारसुल्म,
२५ ऑक्टोबर २००७

सरिताताई,

सांगू नका म्हटलं होतं तरी तुम्ही सांगितलंत. तेही कौमुदीला नाही, थेट हृषिकेशला, त्याच्या ऑफिसात फोन करून.

तो भर दुपारी घरी आला. बूट न काढता हॉलमध्ये उभा राहिला.

"आई, एकतीसला व्हिसा संपतोय आणि तू गप्प बसलीस?"

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही राहिलं माझ्या लक्षात! कौमुदी अशी, तिकडे प्लांटमध्ये नव्या गाडीचं काम, घरी आलो की अन्वी. तू सांगायचंस ना!"

"सांगून आठवायचं, तर ती आठवण कसली?"

"अगं, ही काय परीक्षा आहे का? तारीख उलटून गेली असती तर तुला इथून जावं लागलं असतं. परत मुंबईच्या वकिलातीत अर्ज करण्यापासून सुरुवात. आणि दुसऱ्यांदा देतीलच असं नाही."

"मग जाईन. तुमच्या घरात एक खोली मोकळी होईल."

त्यावर तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो बुटांच्या कपाटावर खाली बसला. लहानपणी ताप आला की बसायचा तसा, हात मांड्यांमध्ये घालून. म्हणाला, "मला सगळं एकट्याला धरून ठेवायला लागतंय, आई. मला वाटायचं, एका बाजूला तू उभी आहेस, तिकडे बघावं लागत नाही. म्हणून बघितलं नाही."

आतून कौमुदीची हाक आली तेव्हा तो उठून गेला. मी तिथेच उभी होते. मला अजून त्याचा रागच होता, पण त्या रागात पहिल्यासारखा जोर राहिला नव्हता.

त्याने आम्टमध्ये फोन करून तेवीस तारखेच्या दुपारची वेळ घेतली. आम्ट म्हणजे इथली कचेरी. तो अर्धी रजा टाकून मला नेणार होता. तेवीसला सकाळी कौमुदीला कळा सुरू झाल्या. दोघं हाइलब्रॉनच्या दवाखान्यात गेली. निघताना म्हणाला, "आई, आजचं राहू दे, मी फोन करून दुसरी वेळ घेतो." मला माहीत होतं, तो फोन करायला विसरणार. आणि त्याने विसरावंच, असा तो दिवस होता. दुसरी वेळ एकतीसच्या आत मिळाली नसती तर?

तुम्ही म्हणाल, तुम्हाला तर जायचंच होतं. हो, होतं. पण आपल्या नातवंडाचा जन्म होत असताना घरातून कुणी मला काढत नव्हतं, मीच निघून जाणार होते, तेही रुसून. त्या रिकाम्या हॉलमध्ये ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. मी अन्वीला शाळेतून घेतलं आणि तशीच आम्टमध्ये गेले.

तिथली बाई चाळिशीची असेल, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. ती बोलायची आणि अन्वी मला समजावून सांगायची. समजावून म्हणजे काय, त्या बाईचंच जर्मन ती मला हळूहळू, मोठ्याने परत म्हणून दाखवायची! मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून येत नाही. मी मराठीत बोलले की ती ते जर्मन करून बाईला द्यायची. विम्याचं पत्र, पेन्शनचा दाखला, बँकेचे कागद, सगळं मी नेलं होतं. तीन महिन्यांपूर्वीच जमवून ठेवलं होतं, न करायच्या अर्जासाठी.

मग बाईने विचारलं, घरात कोण कोण राहतं. अन्वी बोटांवर मोजत सांगायला लागली. ममा, पापा, इश म्हणजे ती स्वतः, ओमा, दास बेबी. मला वाटलं झालं. तर ही सहावं बोट धरून म्हणाली, "उंड आजी. आबर आजी इस्ट इन सातारा." आणि आजी, पण आजी साताऱ्याला असते.

बाईने लिहिता लिहिता मान वर केली. ही आजी कोण?

सरिताताई, माझ्या अर्जात, माझ्या कचेरीत, माझ्या नातीच्या बोटावर तुम्ही. मला क्षणभर इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. मी अन्वीला म्हटलं, "सांग त्यांना, त्या माझ्या विहीणबाई." अन्वी म्हणाली, "इअरं विहीणबाई," म्हणजे हिची विहीणबाई. बाईने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्याकडे आपल्या नात्याला शब्दच नाही. ती पेन धरून वाट बघत बसली. मागे लोक थांबलेले. मला काहीतरी सांगणं भाग होतं. नातीची दुसरी आजी, असं मी म्हणू शकले असते. 'दुसरी' हे मला आवडलं असतं. पण अन्वी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिची आई त्या वेळी तिकडे दवाखान्यात ओरडत असेल, कुणाला हाका मारत असेल ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "सांग, आईची आई."

"दी ममा फॉन माइनर ममा," अन्वीने सांगितलं. बाई "आख सो", म्हणजे अस्सं, म्हणाली आणि पुढे विचारायला लागली.

अर्ज घेतला. मुदत संपायच्या आत अर्ज आला की निर्णय होईपर्यंत जुना व्हिसा चालू धरतात, तसा कागद तिने दिला. एकतीसनंतर एक दिवस जरी उलटला असता तर तो मिळाला नसता.

बाळाची, आपल्या वेदांगची, बातमी तुम्हाला माझ्या आधी कळली. कौमुदीने दवाखान्यातून मोबाइलवर पहिला फोन तुम्हाला लावला, मग हृषिकेशने घरी. मला ते आवडलं नाही. पण काल तिला भेटायला गेले तेव्हा तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटून पडली. इतका वेळ मी त्याला घेऊन बसले की हात बधिर झाले. तुम्ही अजून त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. हे मनात आलं आणि बरं वाटलं. आणि मग तितकंसं बरं वाटेना.

तुमची
अरुंधती


नेकारसुल्म,
२० जानेवारी २००८

सरिताताई,

व्हिसा मिळाला. या खेपेला दोन वर्षांचा.

वेदांगचे फोटो कौमुदीने पाठवलेत, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. कान तुमच्या घरचे आहेत असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही.

गेल्या रविवारी हृषिकेश आणि कौमुदी दोघं माझ्या खोलीत आले. दोघं एकदम येतात तेव्हा काहीतरी मागायचं असतं. हृषिकेशने पलीकडच्या गावात एक घर पाहिलंय. वरच्या मजल्यावर दोन लहान खोल्या, मध्ये एक बाथरूम.

"एक तुझी," तो म्हणाला आणि थांबला.

"आणि दुसरी?"

कौमुदी म्हणाली, "अहो आई, मे महिन्यात आई निवृत्त होते. मला तिला इथे बोलवायचं आहे, तुमच्यासारखं. कायमचं. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा कधी विचारणार नाही. आणि मनातही ठेवणार नाही."

"ठेवशील," मी म्हटलं.

ती खाली बघून म्हणाली, "हो. ठेवेन."

खरं बोलली म्हणून मला पहिल्यांदा ती आवडली. चार दिवस मनात सगळे हिशेब झाले. अन्वी कुणाच्या खोलीत झोपेल. वेदांग आधी कुणाला हाक मारेल. कौमुदी कामावरून आली की कुणाशी बोलत बसेल. उत्तरं मला माहीत आहेत, सरिताताई. प्रत्येक वेळी तुम्हीच.

पण दुसरंही आठवत राहिलं. मी निवृत्त झाले तेव्हा हे जाऊन वर्ष झालं होतं आणि हृषिकेश नुकताच इकडे आला होता. आयुष्यभर कानात माणसांचे आवाज होते, आणि एका सोमवारपासून काही नाही. मी दिवसातून कितीतरी वेळा रिसीव्हर उचलून कानाला लावायची. फोन चालू आहे ना, तेवढं बघायला. शेजारच्या बाई म्हणायच्या, किती आराम झाला हो तुम्हाला. तुमच्या शाळेची घंटा जूनमध्ये दुसरं कुणी वाजवेल. तुम्ही घरात बसून ती ऐकाल, शाळा समोरच आहे ना तुमच्या? त्याचा विचार आला आणि मला तुमचा हेवा वाटेना. त्या एका गोष्टीपुरता. बाकी सगळ्यासाठी वाटतोच आहे, तो जाईल असं वाटत नाही.

मी कौमुदीला हो म्हटलं. हे तिने तुम्हाला फोनवर सांगितलं असेलच. पण बाकीचं मी सांगते, कारण हे काम मी केलंय, त्यांनी नाही.

अर्ज मुंबईला, इथे येऊन नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर येऊन मग इथेच राहते म्हणायचं, असं चालत नाही. पासपोर्टची मुदत आधी बघा. तो संपत आला असेल तर आधी तो नवा करा, कारण पासपोर्टच्या पुढचा व्हिसा कुणी देत नाही. पेन्शनचा आदेश मेअखेर हातात येईल, त्याचं भाषांतर तिथेच करून घ्या. विम्याच्या कंपनीचं नाव मी सोबत लिहिते आहे. गुडघ्यांबद्दल विचारतील, खरं तेच सांगा. इथे आल्यावर आम्टमध्ये लगेच जायचं. नंतर दर वेळी मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज द्यायचा, मुलांच्या आठवणीवर राहायचं नाही. माझी तारीख तुम्ही सांभाळलीत, तुमची मी सांभाळेन. आणि साताऱ्याला गेलात तर सलग सहा महिन्यांच्या आत परत यायचं, नाहीतर असलेला व्हिसाही जातो. हे मी तुम्हाला गेल्या एप्रिलमध्येच लिहू शकले असते.

दोन खोल्यांतली रस्त्याकडची माझी. मागची तुमची. मागच्या खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसतात, रस्त्याकडच्यातून फक्त रस्ता. तरी मला रस्त्याकडचीच हवी आहे, तिथून अन्वी शाळेतून येताना दिसेल.

फ्रँकफर्टला विमानतळावर तुम्हाला घ्यायला मी येईन. गाडी बदलून येता येतं, मी एकटी येऊ शकते. हृषिकेश रजा काढतो म्हणतोय, मी नको म्हटलंय. अन्वीलाही आणणार नाही. तुम्ही दारातून बाहेर आल्यावर ती माझा हात सोडून पळेल, आणि ते मला इतक्या लोकांसमोर बघायचं नाही. घरी आल्यावर पळू दे.

वाट बघते.
अरुंधती